डोळे आले नव्हते

माझे वडील, आबा, एसटीचे ड्रायव्हर. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात त्यांचा उजवा डोळा लालभडक झाला आणि अख्ख्या गल्लीनं निदान करून टाकलं: डोळे आले. एवढी धूळ उडते, येणारच! शेजारच्या मावशी एरंडेल घेऊन हजर.

मी तेव्हा डॉक्टरकी शिकत होते, सुट्टीला लातूरला आलेले. म्हटलं, "डोळे आले तर चिपडं कुठंत? अन् उजेड बघून का ओरडून राहिले हे?" टॉर्च मारून पाहिलं तर बाहुली आकसून वाकडी झालेली. डोळा गेला की स्टिअरिंग गेलं, आणि आबांचा सगळा जीव त्या स्टिअरिंगमध्ये. आमचा नंबर त्यानंतर.

"डोळ्याला तीन थर असतात, आबा. मधला रक्तवाहिन्यांचा. इंग्रजीत युव्हिया, मूळ लॅटिन शब्द द्राक्षाचा. सुटा केला तर तसाच दिसतो. त्यात पुढं परितारिका, म्हणजे बुबुळ, मागं रंजितपटल. त्या मधल्या थराचा पुढचा भाग सुजलाय."

"रंजीत? ह्यो कोन आनि? माझ्या डोळ्यात काय करून राहिला?"

माय हसून हसून बेजार. मी मात्र भडकले. हाताला धरून दवाखान्यात नेलं. लातूर नुकतंच जिल्हा झालेलं, पाट्यांचे रंगसुद्धा वाळले नव्हते, पण डोळ्यांचे डॉक्टर आले होते. त्यांनी माझंच म्हणणं खरं ठरवलं: युव्हिआयटिस. सूज उतरायचे थेंब दिले आणि बाहुली मोठी करायचे.

या दुसऱ्या थेंबांनी घोटाळा केला. बाहुली पसरली आणि आबांना धूसर दिसू लागलं. "पोरीनं आंधळा केला मला!" म्हणून गल्लीभर बोभाटा. बाटली फेकायलाच निघाले. मी हिसकावून घेतली.

"फेकून तर बघा! बुबुळ मागच्या भिंगाला चिकटलं तर जन्माचं बसंल. मग हाका बैलगाडी!"

बापाला असं कुणी बोलत नसतं. मी बोलले, आणि रोज थेंब घातलेच.

सूज उतरली, थेंब बंद झाले. कामावर घ्यायच्या आधी तपासणी होती. डॉक्टरांनी डावा डोळा झाकायला लावला. आबांनी तक्ता वाचला, अगदी बारकी ओळसुद्धा. मग थांबतात कशाचे? खाली छापखान्याचं नाव होतं, तेही गावासकट वाचलं!

"पुरे, पुरे," डॉक्टर म्हणाले, "ते तर इथून मलाही दिसंना."

मी भर दवाखान्यात हमसून रडले. जिंकले होते हो मी, लई जिंकले होते!

"रडती कशाला, येडे?" आबा म्हणाले. "उद्या मुखेडची गाडी मीच काढनार हाय. पुढच्या सीटवर बस."