तत्त्व म्हणजे

बेळगुंदीच्या आमच्या काजू कारखान्याचे मॅनेजर बहुतेक वाक्यं ‘तत्त्व म्हणजे’ अशी सुरू करतात. कामगारानं सुपरवायझरला सांगायचं आणि सुपरवायझरनं त्यांना, हे त्यांचं लाडकं तत्त्व.

परवा मी त्यांच्या केबिनमध्ये असताना एक कामगार आक्का धावत आली.

“साहेब, गाडी काढा! बाई चक्कर यून पडल्यात!”

“तत्त्व म्हणजे, आधी सुपरवायझरना सांगा.”

“अवो, सुपरवायझरबाईच पडल्यात!”

साहेबांनी चष्मा पुसला. “मग आधी त्यांच्या जागी कुणालातरी नेमावं लागेल.”

आक्का तशीच वळली. बायकांनी मिळून बाईंना उचललं आणि माझ्या गाडीत घातलं. दवाखान्यात सलाईन लागल्यावर बाईंनी डोळे उघडले, तेव्हा मी साहेबांना फोन करून सगळं सांगितलं.

“बघितलंत?” ते खुशीत म्हणाले. “संघटन शिकवलं की बायका अशा काम करतात!”

“साहेब काय म्हणाले?” बाईंनी विचारलं.

“तुमची चौकशी करत होते,” मी म्हणालो.