चोच मोराची, पोट हत्तीचं

मागावरून उतरलेली सँपल चादर मालकांनी माझ्या टेबलावर अंथरली आणि नुसतं बोट ठेवलं. मी वाकून पाहिलं. मान मोराची, तुरा मोराचा. मानेखाली मात्र हत्तीचं पोट आणि हत्तीचेच चार पाय.

"पार्टीनं मोर मागितला हुता. ह्ये काय हाय?" मालकांनी विचारलं.

सत्तरच्या दशकात मी सोलापूरच्या एका चादर कारखान्यात डिझायनर होतो. म्हणजे ग्राफ पेपरवर चौकोन रंगवून चित्र काढायचं. त्यावरून जाड पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात. ही कार्डं दोऱ्यानं क्रमानं ओवून मागाच्या डोक्यावर चढवली, की भोकांप्रमाणे धागे उचलले जातात आणि चित्र विणलं जातं. आमच्याकडे ओवायचं काम रसूलचाचांचं. त्यांच्या टेबलावर मोराचा आणि हत्तीचा असे दोन गठ्ठे शेजारी होते. अर्धं ओवून चाचा चहाला गेले आणि परत येऊन दुसऱ्याच गठ्ठ्यातून पुढं ओवत सुटले.

चाचांनी चूक लगेच कबूल केली आणि कार्डं उसवायला घेतली. मालकांचा पाराही उतरला. माझं दुखणं वेगळंच होतं.

फावल्या वेळात मी मुलांसाठी एक अद्भुत कादंबरी लिहीत होतो. आयुष्यातलं पहिलं पुस्तक. पुण्याच्या प्रकाशकांनी सुरुवातीची प्रकरणं वाचून कळवलं होतं, की राजकन्या, राक्षस, जादूची अंगठी हे मुलांनी पुष्कळ वाचलंय. नवं काही आणा, नाहीतर दिवाळीला तुमच्या जागी दुसरं पुस्तक काढतो. मी तर सगळ्या पाहुण्यांना सांगून बसलो होतो. राक्षसाला एक डोळा दिला, तीन दिले, सहा दिले. मेला कंटाळवाणा तो कंटाळवाणाच.

दुपारी त्या रिजेक्ट चादरीवरच आम्ही डबे उघडले. नरसय्या हा आमचा तेलुगू विणकर. तो घास हातात धरून त्या प्राण्याकडे बघत राहिला.

"सायेब, ह्ये जगतंय कसं ओ? चोच एवढीशी, पोट हत्तीचं. दिवसभर दाणं टिपलं तरी भरायचं न्हाय की."

मग सगळेच सुटले. कुणी म्हणालं, याला पोसायला अख्खं गाव लागेल. चाचांना वेगळीच काळजी, हे नाचायला लागलं तर घरं पडतील. मी जेवण विसरून ऐकत होतो. राक्षसाचे डोळे वाढवत बसलो होतो, त्याला भूक द्यायचं कधी सुचलं नव्हतं. आणि मुलांना भुकेइतकं लवकर दुसरं काय कळतं? त्या दुपारी मला इतका आनंद झाला, की हात धुवायचेही राहिले.

कादंबरी पहिल्या ओळीपासून नव्यानं लिहिली. एक कायम उपाशी प्राणी आणि त्याला गावापासून लपवून पोसणारी एक मुलगी. बाकीचं सामान कारखान्यातलंच. भोंगा वाजला की ढग जमायचे. कार्डाच्या भोकातून पाहिलं की उद्याचा दिवस दिसायचा. मालकांकडे ती चादर मागितली, तर म्हणाले, "ने की. फक्त बाजारात दिसू देऊ नको."

पुण्यात प्रकाशकांनी नवी प्रकरणं माझ्यासमोरच वाचली. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"नवं आहे, पण जरा जास्तच. असा प्राणी असतो का कुठं? मुलांना पटायला नको?"

मी पिशवीतून चादर काढली आणि त्यांच्या टेबलावर पसरली.

"असतो. सोलापुरात. धुतला तरी रंग जात नाही."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला आणि चादर जवळ ओढली. मग म्हणाले, "मुखपृष्ठावर हाच घेऊ."

पुस्तक दिवाळीत आलं. चादर काही परत आली नाही. मुखपृष्ठाच्या कामाला लागतेय असं प्रकाशक म्हणत राहिले, थंडीत अंगावर घेत असावेत. नवे लेखक मला विचारतात, कल्पना सुचत नाही, काय करावं? मी सांगतो, कामावर वेळेवर जात जा. चांगल्या चुका तिथंच होतात.