जावयाला न भिणारा अंपायर

अँब्रोस डेटवायलरनं मासे विकायला हाळी दिली, की नदीपलीकडची कुत्री उठून बसतात, असं पोर्ट लॅमारचे लोक म्हणत. माणूस आडवा, पोट सुटलेलं, मिशा वॉलरससारख्या. चर्चच्या गायनमंडळातून त्याला फार पूर्वीच हात जोडून निरोप मिळाला होता, कारण तो गायला लागला की बाकीचे अकरा जण नुसते तोंड हलवत आहेत असं वाटे. मग गावाच्या बेसबॉल संघानं त्याला बोलावलं, हातात पत्र्याचा कर्णा दिला आणि सामन्याआधी खेळाडूंची नावं पुकारायचं काम सोपवलं. कर्ण्याची त्याला गरज नव्हती. पण लव्हिनिया, म्हणजे त्याची बायको, म्हणाली, "घे रे. हातात काहीतरी असलं की माणूस अधिकारी दिसतो."

लव्हिनियाला खेळातलं त्याच्याहून जास्त कळे. ती तिसऱ्या बेसमागे, म्हणजे धावणाऱ्याच्या तिसऱ्या थांब्यामागे, छत्री घेऊन बसायची आणि वहीत प्रत्येक चेंडू टिपून ठेवायची.

अँब्रोसनं हे काम मनावर घेतलं. पाहुणा संघ स्टेशनवर उतरला, की तो माशांची गाडी तिकडे वळवी आणि एकेकाला गाठून विचारी, "बाबा रे, तुझं नाव नीट कसं म्हणायचं?" न्यू हेब्रन संघाच्या कॅचरचं, म्हणजे बॅटवाल्यामागे बसून चेंडू झेलणाऱ्याचं, नाव होतं वोयचेहोव्स्की. लीगमधल्या सगळ्या गावांत त्याला 'तो पोलंडवाला' म्हणत, नाहीतर वर्तमानपत्रवाले नावाचं पार भुसकट करून टाकत. अँब्रोसनं ते नाव गाडीवर बसून वीसदा घोकलं. दुपारी मैदानात ते अख्खंच्या अख्खं घुमलं, तेव्हा तो दांडगा गडी टोपी काढून उभाच राहिला.

ही गोष्ट १९११ सालच्या सप्टेंबरातली, मोसमातल्या शेवटच्या सामन्याची. जो जिंकेल त्याला लीगच्या अजिंक्यपदाचं निशाण. दुकानं बंद होती, कुंपणावर माणसं बसली होती. सातव्या डावात एक चेंडू बॅटची कड घेऊन थेट अंपायरच्या जबड्यावर बसला आणि तो आडवाच झाला. डॉक्टर म्हणाले, याला आता फक्त सूप पाजा. त्या काळी लीगमध्ये सामन्याला अंपायर एकच. दोन्ही कप्तानांना पटेल असा माणूस मिळाला नाही, तर खेळ खलास.

पोर्ट लॅमारच्या कप्तानानं सुचवलेली चारही नावं न्यू हेब्रनच्या कप्तानानं, प्रेविटनं, उडवून लावली. तेवढ्यात वोयचेहोव्स्की म्हणाला, "तो कर्णेवाला घ्या."

"वेडा झालास का? त्यांचा कॅचर फ्लॉइड त्याचा सख्खा जावई आहे!" प्रेविट ओरडला.

"असू दे. ज्यानं माझं नाव शिकायला एवढी खटपट केली, तो खेळात लबाडी करणार नाही."

प्रेविटनं मान डोलावली आणि अँब्रोसला गाठून विचारलं, "पण म्हातारबा, जावई म्हणजे डोक्यावरचा ग्रह. निभेल का?"

"पोरगी दिलीय, डोळे नाही दिले," अँब्रोस म्हणाला. कर्णा लव्हिनियाच्या हाती देऊन तो मैदानात उतरला.

नवव्या, म्हणजे शेवटच्या डावापर्यंत सगळं सुरळीत चाललं. पोर्ट लॅमार चारास तीन असं पुढे होतं. पाहुण्यांचे दोघे बाद झाले होते आणि दुसऱ्या बेसवर वोयचेहोव्स्की होता. पुढच्या गड्यानं चेंडू डावीकडे मारला आणि वोयचेहोव्स्की तिसरा बेस ओलांडून बैलासारखा घराकडे, म्हणजे धाव पुरी होते त्या पाटाकडे, सुटला. चेंडूही आला. फ्लॉइडनं तो झेलून त्याला बाद करायला चेंडूचा हात पुढे घातला, दोघं एकमेकांवर आदळले आणि धुरळा उडाला. अँब्रोस पोट सावरत तिथवर धावला होता. त्यानं पाहिलं, की पोलंडवाल्याची बोटं आधी पाटाला लागली आणि फ्लॉइडचा हात नंतर त्याच्या खांद्याला.

"सेफ!" नदीपलीकडे ऐकू गेलं असेल.

 लोकांनी बसायच्या गाद्या मैदानात भिरकावल्या. "अरे मासेवाल्या, डोळे बर्फात ठेवून आलास काय?"

फ्लॉइड लालबुंद. "मामा, बाद होता तो!"

"नव्हता. आणि ओरडू नकोस, तुझी सासू बघतेय."

सासू तर छत्री घेऊन उभीच राहिली होती. "धावणाऱ्याचा हात पाटाला आधी लागला!" ती मागच्या रांगांवर खेकसली. "मी पाहिलंय! खाली बसा सगळे!"

बसले. पुढचा गडी, म्हणजे तिसरा, बाद झाला आणि पाहुण्यांचा डाव संपला. चारास चार.

आता पोर्ट लॅमारची पाळी. दोन बाद, एक गडी दुसऱ्या बेसवर, आणि बॅट हातात घेऊन आला फ्लॉइड. सासऱ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. तिसरा चेंडू त्यानं असा सणकावला, की तो उजव्या सीमेच्या चुन्याच्या रेघेपाशी पडला आणि कोपऱ्यात पळाला. रेघेच्या आत की बाहेर? रेघेला शिवलेला चेंडू आतलाच, आणि अँब्रोसला चुना उडालेला दिसला.

"आत! चेंडू चांगला!"

गडी घरी पोचला. पाचास चार! गाव मैदानात घुसलं. न्यू हेब्रनचे खेळाडू मात्र ओरडत धावले, "बाहेर होता! जावयासाठी केलंस!"

प्रेविट एकटाच रेघेपाशी गेला, वाकला. बराच वेळ वाकून राहिला. मग उठून आपल्या माणसांना म्हणाला, "चुना तुटलाय. आणि तुटला नसता, तरी मघाशी यानं जावयाच्या विरुद्ध धाव आपल्या पदरात घातली होती. चला, हात मिळवा."

वोयचेहोव्स्कीनं हात मिळवला नाही. त्यानं अँब्रोसला उचलूनच घेतलं. एवढं वजन उचलल्यावर त्याच्या कमरेतून कट्‌कन आवाज आला, आणि मग दोघंही गवतात पडून हसत राहिले. फ्लॉइडची बायको व्हर्ना धावत आली. नवऱ्याला मिठी मारू की बापाला, हे तिला ठरवता येईना.

पुढच्या वसंतात लीगचं पत्र आलं : अंपायर व्हाल का? अँब्रोसनं माशांची गाडी धाकट्या भावाला दिली आणि नऊ उन्हाळे गावोगाव हिंडला. लव्हिनिया सोबत असेच. चेरी भरलेली गोड पाई कुठल्या गावच्या खाणावळीत चांगली मिळते, हे तिला पाठ झालं. त्या नऊ वर्षांत अँब्रोसवर लोकांनी एकदाच बाटली भिरकावली. तिसऱ्या बेसमागून ती लगेच परत गेली, आणि नेम चुकला नाही.