मुकुंदाचा जास्तीचा रकाना

मुकुंद गेल्याचं कळलं आणि मी पहिला फोन मुकुंदलाच लावला. आमच्या नात्यात कोणी गेलं की कोणाकोणाला कळवायचं याची यादी आम्ही दोघं मिळून करायचो. बोटं सवयीनं त्याच्याच नंबरावर गेली. फोन त्याच्या मुलीनं उचलला आणि मी म्हणालो, "अरे मुकुंदा, ऐकलं का..." पोर समजदार. म्हणाली, "काका, मी बोलून राह्यली. या तुमी." दीड महिना झाला, अजून आठवलं की कानशिलं तापतात.

मुकुंद माझा मावसभाऊ, वयानं माझ्याएवढाच. यवतमाळच्या एका प्रयोगशाळेत तो डेंग्यूच्या विषाणूमागे लागलेला होता. रोग्याच्या रक्तातून विषाणूचा आरएनए काढायचा, त्यातली अक्षरं मशिनवर ओळीनं वाचून घ्यायची आणि यंदाचा विषाणू गेल्या सालच्यापेक्षा कुठं बदलला ते शोधायचं, हे त्याचं काम. मला ते कळत नसे. तेव्हा त्यानं मला माझ्याच वाटेनं गाठलं. मी घराण्यातला गोष्टीवाला. आजोबांनी बैलासकट पूर ओलांडल्याची गोष्ट प्रत्येक लग्नात सांगतो. "तुह्या गोष्टीत पहिले बैल पांढरा होता," तो म्हणाला. "एका लग्नात तू चुकून तांबडा म्हणला. आर्णीचे पोट्टे अजून तांबडाच सांगतात. मंग बबीच्या लग्नात तू त्याले घंटी बांधली. ज्याच्या गोष्टीत तांबडा बैल अन् घंटी, त्यानं बबीच्या लग्नात ऐकली. विषाणूही आपली नक्कल करताना असाच चुकते. कोणाजवळ कोणती चूक हाये ते पाह्यलं का कोण कोणापासून आला ते समजते."

"म्हणजे मी विषाणू?"

"त्याच्याहून जास्त चुकतो तू."

दोन वर्षांपूर्वी पांढरकवड्याकडे तापाची साथ आली. मुकुंदला एकच गोष्ट ठरवायची होती... हा बदललेला विषाणू हायवेनं बाहेरून आला, की गेल्या सालापासून इथंच मुरला होता? इथलाच असेल तर पुढच्या साली माणसं तापायच्या आधीच डासांच्या मागे लागता येईल, असं तो म्हणायचा. माझं अक्षर बरं आणि लोक माझ्याशी मोकळं बोलतात, म्हणून त्यानं मला फॉर्म भरायला बसवलं. मी एकेकाला प्रेमानं विचारलं, "कुठचे तुम्ही?" आता आपल्याकडे याचं उत्तर काय मिळतं? पांढरकवड्यात वीस वर्षं चहाची टपरी चालवणारी बाई सांगते, "मी नेरची." ट्रकवाला सांगतो आर्णी, जिथं आता त्याची फक्त काकू राहते. मी लिहिलं. वर "नेरला कोणाची तू?" असं विचारून तिच्याशी नातंही जुळवलं.

पुढं अक्षरं वाचून आली, विषाणूच्या वंशाचं झाड मांडलं गेलं आणि एकाच फांदीवर पांढरकवडा, नेर, आर्णी शेजारी शेजारी बसले. विषाणूनं इतक्या उड्या कशा मारल्या याचा अर्थ लावण्यात मुकुंदचे चार महिने गेले. तो अर्थ वरिष्ठांपुढं मांडला, तेव्हा कोणीतरी विचारलं, नेरला ताप होता तरी का? नव्हता. त्या संध्याकाळी तो आमच्याकडे आला. चहाला हात लावला नाही. "बापू, तू काय इचारलं होतं त्याइले?" मी सांगितलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. "अक्षर न् अक्षर बरोबर वाचलं रे आम्ही," तो म्हणाला, "अन् गावच चुकलं."

तेव्हापासून त्याच्या फॉर्मात एक जास्तीचा रकाना आला : तापाआधीचे पंधरा दिवस दुपारी जेवलात कुठं? डेंग्यूचा डास दिवसाचा चावतो. माणूस गाव मूळचं सांगेल, पण जेवणाची जागा खरी सांगेल, असा त्याचा हिशेब. एकेका जुन्या रोग्याकडे जाऊन तो हे विचारत फिरला. शेवटचे सात राहिले, ते मला दिले. "तुहीच चूक, तूच निस्तर." चार मी शोधले. तिघांचं मात्र सोमवार-सोमवार करत राहिलो. शेवटच्या भेटीत फाटकाशी त्यानं एवढंच विचारलं, "तीन?" मी म्हणालो, "सोमवारी." त्या सोमवारच्या आतच त्याचं हृदय थांबलं.

तेराव्यानंतर मी निघालो. तिघंही एका दिवसात सापडले... चीड येते ती याचीच. टपरीवाली त्याच टपरीत होती. म्हणाली, "साहेब दोनदा येऊन गेलते. मी माहेरी गेलती, भेट नाही झाली." कागद घेऊन प्रयोगशाळेत गेलो. मुकुंदच्या टेबलाच्या काचेखाली ते झाड अजून आहे. तीन फांद्यांच्या टोकांना पेन्सिलीनं काढलेली प्रश्नचिन्हं. उत्तरं माझ्या खिशात आणि ती घ्यायला माणूस नाही! तिथला कारकून म्हणाला, "सरांच्या जागेवर अजून कोणी आलं नाही. हे ठेवू कोणाच्या टेबलावर? अर्ज लिहून आणा, नाव-गावासकट."

घरी येऊन अर्ज लिहिला, ठेवणीतल्या अक्षरात. मुकुंदचं काम अडलं आहे, ही तीन नावं जोडून घ्यावीत, चूक माझी होती, असं सगळं. सही करून बायकोला वाचायला दिला. तिनं चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला. डोळे पुसले. मग माझ्या सहीखालच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं, मुक्काम पोस्ट नेर. जिथलं घर विकून आम्हाला तीस वर्षं झाली.

"अन् दुपारी जेवता कुठं तुमी?" ती म्हणाली.