टाकीमागे हलवलेलं नाव

मी कॅनडाला निघाले त्या सकाळी तात्यांनी जीप चौकात थांबवली. म्हणाले, "उतर. भाऊच्या पाया पडून ये." निफाडजवळच्या आमच्या गावात चौकाच्या मधोमध काळ्या दगडाचा, छातीएवढा उंच स्तंभ होता. त्यावर माझ्या वडिलांचं नाव कोरलेलं होतं. मी उतरले, दगडाला हात लावून नमस्कार केला. तात्या चपला काढून माझ्या शेजारी उभे राहिले. आई जीपमध्येच बसून राहिली आणि तिनं तोंड पिठाच्या गिरणीकडे वळवलं. मला तेव्हा वाटलं, मी चालले म्हणून तिला रडू येतंय. पण नाशिकरोडला गाडी सुटली तेव्हा ती खरंच रडली, आणि ते रडणं वेगळं होतं.

तात्या म्हणजे माझे काका आणि माझ्या आईचे दुसरे नवरे. माझे वडील एकाहत्तरच्या लढाईत गेले तेव्हा मी काही महिन्यांची होते. त्या काळी सीमेवर गेलेल्याचा देह घरी येत नसे. आली ती एक काळी ट्रंक, आणि पुढे आजीनं तिच्यात कुरडया-पापड भरून ठेवले. वर्षभरानं घरातल्या मोठ्यांनी बसून ठरवलं आणि आईचा धाकट्या दिराशी पाट लावला. तात्या आईपेक्षा वयानं थोडे लहानच. पहिली काही वर्षं त्यांच्या तोंडून आईला हाक मारताना "वहिनी"च निघायचं, असं आत्या सांगायची. नंतर बाळू झाला, माझा भाऊ. घर मार्गी लागलं. बाळूत आणि माझ्यात तात्यांनी कधी फरक केला नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा मुलगा परदेशात म्हणून आजी कुरकुरली, तर तात्या म्हणाले, "भाऊ असता तर त्यानं पाठवलीच असती."

वडिलांचा आमच्याकडे एकच फोटो. तोही गणवेशातला नाही. कुणाच्या तरी लग्नातला, पांढऱ्या सदऱ्यातला, गर्दीतून कापून मोठा केलेला. त्याला हार घालायचे ते तात्याच. पंधरा ऑगस्टच्या आणि सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी बादली घेऊन चौकातला दगड धुवायचे तेही तेच. आई त्या वेळी काही ना काही काम काढून मळ्यात जायची. मला ते कधी विचित्र वाटलं नाही. लहानपणी घरात जे चालतं तेच सगळीकडे चालत असेल, असं वाटतं.

ब्रॅम्प्टनला आल्यावर पहिली काही वर्षं बेसमेंटमध्ये काढली. बर्फ उपसायला शिकले, डे-केअरमध्ये नोकरी धरली, निरंजन झाला. तो तिसरीत असेल. नोव्हेंबरात शाळेतून जॅकेटला कागदी लाल फूल टोचून आला. इथे त्या महिन्यात लढायांत गेलेल्यांसाठी सगळी शाळा उभी राहते, टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांत. बाईंनी मुलांना विचारलं होतं की तुमच्या घरातलं कुणी होतं का. निरंजननं मला विचारलं. मी म्हटलं, "हो, माझे वडील." त्याचे डोळे मोठे झाले. "ते कसे होते?" मी त्याला सांगितलं की ते शूर होते. "आणखी?" मी म्हटलं, हात धुऊन घे, जेवायला बस.

त्यानंतर दर नोव्हेंबरात मी डे-केअरमधल्या मुलांबरोबर मान खाली घालून उभी राहिले. अनोळखी देशाच्या अनोळखी माणसांसाठी. मनात मी दुसरं नाव घ्यायचे, पण नावापुढे काही सरकायचं नाही.

गेल्या वर्षी तात्या गेले. मी पोचले तोवर दहावा होऊन गेला होता. तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि मी चौकात गेले. चौक ओळखू येईना. रस्ता रुंद झालाय, द्राक्षाचे कंटेनर आता थेट गावातून जातात. दगड तिथे नव्हता. मी बाळूला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, टाकीमागं हाय बघ. कंटेनरला वळायला जागा नव्हती. तात्यांनी लय सांगून पाहिलं."

पाण्याच्या टाकीमागे, ग्रामपंचायतीच्या जुन्या शौचालयाला लागून तो उभा होता. जरासा कलला होता. कुणीतरी त्याला दोरी बांधून दुसरं टोक टाकीच्या शिडीला बांधलं होतं आणि त्यावर गोधड्या वाळत होत्या. गोधडी वाळत घालणारी म्हातारी बाहेर आली, मला ओळखून ओशाळली आणि दोरी सोडायला लागली. मी तिला राहू दे म्हटलं. गोधड्या ओल्या होत्या, बाई ठेवणार कुठे? बाळूनं नंतर सांगितलं की शेवटच्या आजारातसुद्धा तात्या नातीला घेऊन तिथवर जाऊन आले होते, बादली तिच्या हातात देऊन.

सरपंच माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. त्यानं चहा पाजला, कॅनडातल्या थंडीची चौकशी केली. दगडाचं काढल्यावर म्हणाला, "ताई, तुमचं बरोबर हाय. निधी येऊ द्या, चौकात मोठा पुतळाच बसवू." तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. भांडावं तरी कुणाशी? मागे पंधरा ऑगस्टला त्यानंच पदरचे पैसे घालून वडिलांच्या नावाचा भला मोठा फ्लेक्स लावला होता. त्याचा फोटो बाळूच्या मुलीनं, श्रावणीनं, मला मोबाइलवर दाखवला. खाली वडिलांचं नाव, वर हिरव्या-करड्या ठिपक्यांच्या गणवेशातला, काळा चष्मा लावलेला, पिळदार दंडांचा कुणीतरी तरुण. नेटवरून घेतलेला. मी म्हटलं, हे आजोबा नाहीत. श्रावणी म्हणाली, "माहितेय आत्या. पण आपल्या फोटोत ते सोल्जर वाटतच नाहीत ना." सदऱ्यातला तो पोरगा मलाही कधी सैनिक वाटला नव्हता.

श्रावणीच्या शाळेत हेडसरांनी मला बोलायला बोलावलं. मी तयारी केली होती. लढाई कशी झाली, आपल्या भागातून किती घरांतली मुलं पलटणीत जायची, असं मला जमेल तसं सांगितलं. मुलं शहाण्यासारखी बसली होती. शेवटी सर म्हणाले, विचारा प्रश्न. पहिल्या मुलानं विचारलं, कॅनडाला जायला बारावीनंतर काय करावं लागतं. सगळे हसले, मीही हसले आणि सांगितलं. मग खिडकीकडची एक मुलगी उभी राहिली. तेलानं चापून बसवलेल्या वेण्या, आवाज बारीक. म्हणाली, "मॅडम, तुमच्या वडिलांना काय आवडायचं?"

मी तिथे उभी राहिले. शूर होते, हे तिला सांगता आलं नाही. सरांना वाटलं मला भरून आलं. त्यांनी टाळ्या वाजवायला सांगितल्या.

घरी आले तर आई ओट्यावर उन्हात मेथी निवडत होती. निफाडच्या त्या कडाक्याच्या थंडीत दुपारचं ऊन सोडवत नाही. मी शेजारी बसले, एक जुडी ओढली आणि त्या मुलीचाच प्रश्न विचारला. पन्नाशी उलटल्यावर, पहिल्यांदा. आईचे हात थांबले नाहीत.

"नाय आठवत," ती म्हणाली.

मी म्हटलं, काहीतरी असेल ना, एखादी भाजी, एखादं गाणं.

"लग्नानंतर दोनदा रजेवर आले. घर भरलेलं, सासू-सासरे, नणंदा. मी त्यांच्याशी किती बोलले असन? सगळे दिवस जोडले तरी एक हंगाम भरायचा नाय. आवाजसुद्धा नाय आठवत गं. तोंड आठवतं ते फोटोतलं."

मेथीच्या काड्या एकीकडे, पानं एकीकडे. मला वाटलं संपलं. पण ती पुढे बोलली, माझ्याकडे न बघता.

"पहिलं पहिलं आठवायचं. मीच आठवू दिलं नाय. तात्या मळ्यातून येऊन माझ्यासमोर जेवायला बसायचे, तवा मी त्या फोटोकडं कशी बघणार? ते स्वतः हार घालायचे, मला एका शब्दानं कधी नाय बोलले. पण त्यांना लागत नसन का? म्हणून मी बघायचंच सोडलं. एक एक करून सगळं गेलं. आता तात्याबी गेले, आता बघायला मोकळी हाय, तर काय राह्यलंच नाय." तिनं पदरानं नाक पुसलं. "त्यांचं नाव दगडावर तरी हाय. तात्यांचं कुठं लिव्हायचं?"

मेथी संपेपर्यंत आम्ही दोघी तिथे बसलो.

निघण्याआधी बाळूनं आणि मी दगड सरळ केला, खाली खडी भरली. चौकात परत आणणं आमच्या हातात नव्हतं. श्रावणीनं नावातली अक्षरं पांढऱ्या रंगानं भरली, छान भरली. त्याचा व्हिडिओ करून टाकला, त्याला पुष्कळ लाइक आले. पुढच्या वर्षी ती नाशिकला होस्टेलवर जाईल. मग बादली कोण नेईल, हे मी विचारलं नाही.

इथे परत आल्यावर निरंजनला सगळं सांगायला बसले. तात्यांबद्दल बोलता बोलता दुपार सरली. ते द्राक्षाचा घड हातात धरून कसे पारखायचे, चिडले की घरात न बोलता गोठा झाडायला कसे जायचे, मला सायकल शिकवताना स्वतःच कसे चरात पडले. निरंजन हसला. मग म्हणाला, "आणि दुसरे आजोबा?" मी म्हटलं, "ते लढाईत गेले." तो आता मोठा झालाय. त्यानं पुढे विचारलं नाही.

हे लिहितेय ते गावाकडच्या तुम्हा सगळ्यांसाठी, आणि माझ्यासारखे जे लांब येऊन पडलेत त्यांच्यासाठी. आपल्या पंचक्रोशीत माझ्या वडिलांबरोबर रजेवर येणारं, मनमाडला त्यांच्याबरोबर गाडी बदलणारं एखादं म्हातारं माणूस अजून असेल, तर त्याला विचारा. पराक्रमाचं नको. ते चहा किती गोड प्यायचे, गाडीत झोपायचे की बोलत बसायचे, एवढंच. मला ठाऊक आहे, ती माणसं आता ऐंशीच्या घरात असतील आणि बहुतेक नसतीलच. तरी विचारा.

आईला मात्र मी आता विचारत नाही. रविवारी फोन लावते. ती भाजीचं सांगते, थंडीचं सांगते, बाळूच्या बागेचं सांगते. मग जरा वेळ दोघी गप्प राहतो. त्या गप्प राहण्यात कोण कोण असतं ते तिलाही कळतं आणि मलाही. गाव म्हटलं की मला आता तेवढंच उरलंय. ती फोन ठेवेपर्यंत मीही ठेवत नाही.