पीस आणि उष्टं पाणी

नातवंडांनो, आज अंगणात कबुतराचं पीस सापडलं, म्हणून आजवर लपवलेलं सांगते. लातूर नवाच जिल्हा झाला होता आणि दुष्काळ होता. टँकरपाशी साऱ्या बायका भेटतात, म्हणून कुष्ठरोगाच्या सिस्टर तिथंच तपासायला यायच्या. माझ्या कोपरावर फिका चट्टा होता. "डोळे मिटा, बाई. पीस लागलं की सांगा." मी वाट पाहत राहिले; पीस चट्ट्यावरून केव्हाच फिरून गेलं होतं, मला कळलंच नव्हतं. "उद्यापासनं हिला रांगेत घेऊ नका गं," मागून कुणी म्हणालं. सिस्टरांनी माझ्या नुकत्याच भरलेल्या घागरीतून पेला भरला, मला गोळी गिळायला लावली आणि माझं उरलेलं उष्टं पाणी सगळ्यांदेखत स्वतः प्यायल्या. "लई गोड हाय. गोळ्या घेतल्या की बरा होतोय हा रोग. सरका पुढं." नंतर त्या दर महिन्याला गोळ्या घेऊन न चुकता आल्या. माझी दहाही बोटं शाबूत आहेत. हे पत्र त्याच बोटांनी लिहिलंय.