दादाचं खोकं आणि आठ नवनाथ

तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधावर साचतात तसे आमच्या कारखान्यातल्या कॉम्प्युटरच्या खोलीत किस्से साचतात. उचलायला गाडी येतच नाही!

ही खोली माझ्या दादाची. अशोकदादा तीन महिन्यांपूर्वी तापानं गेला. मी आठवी नापास, पण त्यानं मला टायपिंग शिकवलं होतं, म्हणून साहेबांनी मला तात्पुरतं बसवलं. दुष्काळात ऊस वाळतोय, प्रत्येक सभासद विचारतोय, "माझी तोड कधी?" त्यासाठी दादा एक प्रोग्राम करत होता. नावाचा तुकडा द्या, मशीन तोडीच्या यादीतून माणूस हुडकेल. काम अर्धंच राहिलं.

साहेब म्हणाले, "सोमवारी संचालकांना चालवून दाखव. न्हायतर मशीन झाकून ठेवू, वह्या काढू."

दादाचं काम झाकणार? मी ताडकन म्हणालो, "जमतंय!" जमत काहीच नव्हतं.

*

दादाच्या वहीत लिहिलं होतं, "एन-ए-व्ही हे खोकं. माणूस सांगेल ते त्यात ठेवायचं." मी खोक्याचं नाव अवतरणचिन्हात लिहिलं. झालं! मशीन खोक्यात डोकावेचना, एन-ए-व्ही हीच तीन अक्षरं हुडकत बसलं.

ईट गावचे रामभाऊ आले. त्यांचं नाव घातलं, तर एन-ए-व्हीवाले आठ नवनाथ! पुन्हा घातलं. तेच आठ नवनाथ!

रामभाऊ घाबरले. "आरं, माझा ऊस नवनाथाच्या नावावर केला का काय?"

*

चिन्हं काढली, तर कुणीच सापडेना. माकणीचे रामराव चपला दाराबाहेर काढून, हात जोडून मशीनपुढं उभे. मी 'राम' टाकलं. मशीन म्हणालं, असा माणूस नाही.

"म्या हितं उभा हाय की!" रामराव माझ्यावरच ओरडले.

मी मशीनला चापट मारली. वॉचमनकाका दारातून म्हणाले, "तुझ्या दादानं कधी हात उगारला न्हवता त्याच्यावर."

मी बाहेर जाऊन टाकीमागं रडलो. मग वहीचं शेवटचं पान उघडलं. खोकं वीस अक्षरांचं होतं. 'राम' इंग्रजीत तीन अक्षरं, पुढं सतरा रिकाम्या जागा, आणि मशीन त्या रिकाम्या जागासुद्धा हुडकत होतं! दादानं लिहिलं होतं, "शेपूट कापायला विसरू नकोस." हे त्यानं स्वतःला लिहिलं की मला, ते कळलं नाही.

*

शेपूट कापलं आणि घाईत नुसतं 'ए' टाकलं. इंग्रजीत 'ए' नाही असं नाव आमच्या भागात सापडणं मुश्कील! प्रिंटर सुटला तो कागद संपल्यावरच थांबला.

शिपाई भेंडोळं उचलत म्हणाला, "व्वा! समद्यांची तोड एकाच दिवशी!"

*

सोमवारी संचालक आले. माझा डबा घेऊन आईही आली होती. एक संचालक हसत म्हणाले, "मावशी, तुमीच सांगा एखादं नाव."

आई म्हणाली, "अशोक."

साहेबांनी मान खाली घातली. दादा तर सभासदही नव्हता. तरी मी नाव टाकलं. हिरव्या अक्षरांत एकेक ओळ उमटली. ईटचा अशोक, माकणीचा अशोक, तेरखेड्याचे दोन. एकूण चौदा.

"जमलं की रं!" संचालकांनी टेबलावर थाप मारली. "वह्या ठेवा बांधून."

आईला वाचता येत नाही. ती पडद्याजवळ गेली, एकेका ओळीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडं वळली.

"ह्यातला आपला कोंचा रं?"